सहलींचा आठवडा आणि त्याची पूर्वतयारी

आमच्या प्रशालेच्या प्राथमिक विभागात, इयत्ता चौथीच्या वर्गात सध्या जी गडबड चालली आहे, तिचे वर्तमान वार्षिकाच्या वाचकांस कळवावे व त्याच निमित्ताने शालेय सहलींविषयीचे आमचे मत पालकांपुढे ठेवावे, अशा दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहोत. येत्या फेब्रुवारीत ह्या वर्गाचा एक संपूर्ण आठवडा शाळेच्या भिंतींबाहेर जावयाचा आहे. सोमवारी सांगलीचा आयर्विन पूल, मंगळवारी हळदीची बाजारपेठ व हरिपूरची पेवे, बुधवारी आमच्या मिरजेतील सतारी घडविणाऱ्यांची गल्ली, गुरुवारी मिरज जंक्शन. आणि शुक्रवारी पुन्हा शाळा, असा बेत ठरला आहे.

हा बेत पालकसभेत वाचून दाखविला तेव्हा अनेकांच्या कपाळास आठ्या पडल्या. "पूल आणि स्टेशन आमची मुले रोजच पाहतात, त्यासाठी सहल कशाला?" असे एका गृहस्थांनी विचारले. दुसऱ्या एका मातोश्रींचे म्हणणे असे की, शेजारच्या मुलांची शाळा त्यांस पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या मोठ्या उद्यानात नेते, मग आपल्याच मुलांनी काय पाप केले? हे आक्षेप मनापासून केलेले आहेत व त्यांचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आमचे मत थोडक्यात असे. सहलीचा लाभ मूल किती दूर गेले ह्यावर अवलंबून नसून ते निघताना कोणता प्रश्न बरोबर घेऊन निघाले ह्यावर अवलंबून आहे. हा प्रश्न आयत्या वेळी, गाडीत बसल्यावर उत्पन्न होत नाही. तो आधीच्या तीनचार आठवड्यांत वर्गात रुजवावा लागतो. आणि जे स्थळ मुलांच्या घराशी, जेवणाशी, आईबापांच्या कष्टांशी जोडलेले असते, त्याच स्थळाविषयी असा प्रश्न सहज रुजतो. करमणुकीस आमचा विरोध नाही. मुलांनी हसावे, खेळावे, भिजावे. परंतु त्यास सुट्टीचा दिवस म्हणावे, त्यास शिक्षण म्हणून शाळेच्या हिशेबात मांडू नये.

हे म्हणणे केवळ तत्त्व म्हणून राहू नये, यास्तव प्रत्येक दिवसाची तयारी कशी चालली आहे ते सांगतो.

पहिला दिवस नदीचा. आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. कृष्णेचे पाणी सांगलीत किती चढले हे ह्याच पुलापाशी मोजले जाते. ४० फुटांवर इशारा व ४५ फुटांवर धोका, असा तेथील हिशेब आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमची मुले त्या वेळी इतकी लहान होती की त्यांस तो पूर केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठाऊक आहे. यास्तव आम्ही एक ५७ फूट लांबीची दोरी पटांगणात पसरली व ४५ फुटांवर तांबडी चिंधी बांधली. चिंधीपासून टोकापर्यंत मुलांस एकामागे एक आडवे निजविले. जेमतेम तीन मुले मावली. "म्हणजे धोक्याच्या खुणेवर आमच्यासारखी तीन मुले उभी केली असती तरी बुडाली असती," असे एक मुलगा म्हणाला, आणि वर्ग काही वेळ अगदी शांत झाला. मग प्रश्न निघाले. सांगलीत ऊन असताना पाणी का चढते? नकाशावर बोट फिरविताना त्यांस आढळले की, कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते व तेच पाणी पुढे आपल्याकडे येते. २००५, २०१९ व २०२१ ह्या तिन्ही पुरांत आपल्या किंवा नातलगांच्या घरी पाणी कोठवर आले होते, हे प्रत्येकाने घरी विचारून वहीत लिहून आणले आहे. आता हीच मुले पुलावर उभी राहतील, तेव्हा खालचा शांत प्रवाह पाहून त्यांच्या मनात काय येईल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरा दिवस हळदीचा. सांगलीची बाजारपेठ हळदीकरिता प्रसिद्ध असून सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नवी हळद बाजारात येऊ लागण्याचे हेच दिवस. हळद साठविण्याची येथील जुनी रीत म्हणजे हरिपूरची पेवे. जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद व आत रुंद अशी खोल तळघरेच ती. आत हवा खेळत नसल्यामुळे कीड लागत नाही व माल दीर्घकाळ टिकतो. पेवाचा धडा चालू असता मागच्या बाकावरील एक मुलगी, जी एरव्ही विचारल्यावाचून बोलत नाही, उठून म्हणाली की पेव उघडल्याबरोबर आत उतरावयाचे नसते, आधी हवा आत जाऊ द्यावी लागते, नाही तर माणूस गुदमरतो. तिचे आजोबा पेवांत उतरण्याचे काम करीत असत. त्या दिवशी अर्धा तास तीच वर्गाची शिक्षिका होती. हवेतील प्राणवायूविषयी आम्ही फळ्यावर जे काही लिहिले असते, त्याहून तिच्या सांगण्याने अधिक काम झाले. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले, हेही मुलांस तिच्याकडूनच कळले. आणि सोमवारची नदी व मंगळवारची हळद ह्यांचा संबंध आम्ही न सांगता जुळला.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. आमच्या वर्गातील कित्येकांचे वडील बाजारात हमाली करतात, कित्येकांच्या माता हळद निवडण्यास जातात. शाळेच्या पुस्तकांतून अशा श्रमांचा उल्लेख क्वचितच येतो. त्यामुळे मुलाची अशी समजूत होते की, शहाणपण ते पुस्तकात आणि आपल्या घरी जे आहे ते सांगण्याजोगे नव्हे. दूरच्या उद्यानातील सहल ही समजूत जशीच्या तशी ठेवते. बाजारपेठेतील सहल ती मोडते. सौद्याच्या वेळी आपला बाप पाठीवर पोते घेऊन उभा असताना सारा वर्ग त्यास "काका, ह्यात वजन किती?" असे अदबीने विचारतो आहे, हे ज्या मुलाने पाहिले, ते उद्या वर्गात ताठ मानेने बसेल, अशी आमची खात्री आहे. म्हणूनच ह्या तयारीत बोलण्याच्या रीतीचाही अभ्यास आहे. काम करणाऱ्या कोणासही एकेरी हाक मारावयाची नाही, हातातील काम थांबल्यावाचून प्रश्न करावयाचा नाही, व निघताना आभार मानावयाचे, हे मुलांनी आपापसांत नाटुकले करून घटविले आहे.

तिसऱ्या दिवसाचे स्थळ तर आमच्या शाळेपासून चालत जाण्याजोगे आहे. मिरजेच्या सतारी व तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही लाभले. ज्यांनी ही कला येथे वाढविली ते मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले, व एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार ह्यांच्यापासून ही परंपरा चालत आली. ह्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून येतात. वर्गात आम्ही रिकाम्या डब्यावर व नुसत्या फळीवर एकच तार ताणून पाहिली. फळीवर ती किणकिणली, डब्यावर घुमली. "मग सतारीला भोपळा कशाला?" ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांस मिळाले आहे, उरलेले अर्धे ती कारागिरांस विचारतील. घोडीवर तार नेमकी टेकवून तिचा स्वर खुलविणे, ज्यास जवारी म्हणतात, ते काम त्यांनी डोळ्यांनी पाहावे व कानांनी ऐकावे, एवढीच आमची इच्छा आहे.

चौथा दिवस आगगाडीचा. मिरज हे एकेकाळी रुंद, मीटर व अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येणारे स्थानक होते. आज सारे रूळ रुंद मापाचे आहेत. मुलांनी पटांगणात खडूने तिन्ही मापे आखली आहेत: ५ फूट ६ इंच, त्यानंतर एक मीटर, आणि २ फूट ६ इंच. शेवटच्या मापाची बार्शी लाइट रेल्वे येथून पंढरपूर, कुर्डुवाडी व लातूरकडे जात असे. ह्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने तहानलेल्या लातूरास पाण्याची गाडी गेली. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आम्ही गणित घातले: माणशी वीस लिटर दिल्यास हे पाणी किती जणांस पुरेल? उत्तर आले पंचवीस हजार. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती, असे सांगितल्यावर मुलांनीच पुढचा हिशेब केला व गाड्या पुन्हा पुन्हा का पाठवाव्या लागल्या हे त्यांस उमगले. सोमवारी जी नदी गावे बुडवीत होती, तिनेच गुरुवारी दुसऱ्या गावाची तहान भागविली, हा विचार नऊ वर्षांच्या मुलास झेपत नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावे.

आता उरलेल्या आक्षेपांकडे वळू. पहिला अभ्यासक्रमाचा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षाकाठी किमान २०० दिवस काम करावयाचे असते. पाच दिवस म्हणजे त्याचा चाळिसावा भाग. ह्या चाळिसाव्या भागात परिसर अभ्यास, गणित, नकाशावाचन व निबंधलेखन हे चारही विषय पुढे सरकतात, हे वरील वृत्तांतावरून दिसून येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांकरिता दप्तराविना दहा दिवसांची सूचना केली आहे. तीच गोष्ट धाकट्यांस त्यांच्या मानाने द्यावी, एवढेच आम्ही करीत आहोत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. ते दुःख कोणत्याही शिक्षकाने विसरता कामा नये. परंतु त्यापासून घ्यावयाचा बोध सहली बंद कराव्यात असा नसून, अनोळखी जागी, मोठा घोळका घेऊन, तयारीवाचून जाऊ नये, असा आहे. आमच्या सहलीत दहा मुलांमागे एक शिक्षक व एक पालक राहील. नदी पुलावरूनच पाहिली जाईल, घाटावर कोणीही उतरणार नाही. पेव बाहेरूनच पाहिले जाईल. स्थानकात फलाटाच्या पिवळ्या रेषेअलीकडे उभे राहण्याचा सराव पटांगणात झाला आहे. चारही स्थळे आम्ही शिक्षकांनी आधी स्वतः पायी हिंडून पाहिली आहेत.

तिसरी बाब खर्चाची. हिच्याविषयी सभेत कोणी बोलले नाही, तथापि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. लांबच्या सहलीची वर्गणी जाहीर झाली की दरवर्षी काही मुलांचे पोट दुखू लागते. सहलीच्या दिवशी ती घरी राहतात, आणि पुढचा महिनाभर वर्गात सहलीच्या गोष्टी निघाल्या की खाली पाहतात. पोट कशाने दुखते हे प्रत्येक शिक्षक जाणतो. जी सहल वर्गाचे जाणारे व राहणारे असे दोन भाग करते, ती शाळेने काढू नये. आमच्या आठवड्याचा खर्च म्हणजे दोन दिवसांचे बसचे भाडे व घरची भाकरी. तेवढेही ज्यास शक्य नाही त्याचा भार शाळेने उचलावयाचा व त्याची वाच्यता करावयाची नाही, असे ठरले आहे.

ही दृष्टी आमची एकट्याची नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने कुरणात जावे, असा तो विचार होता. आमची मुले शाळेत येतात हे सुदैव; पण त्यांचे जग शाळेबाहेरच राहत असेल, तर आठवडाभर तरी आपण तिकडे जावे, हे उचित नव्हे काय?

राहिला शुक्रवार. त्या दिवशी कोठेही जावयाचे नाही. मुले आपल्या प्रश्नांच्या वह्या उघडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, कोणत्याचे मिळाले नाही, व कोणता नवा प्रश्न वाटेत सापडला, हे पालकांस व तिसरीच्या मुलांस सांगणार आहेत. ज्यांनी त्यांस वेळ दिला ते कारागीर, हमालबंधू व रेल्वेचे सेवक ह्यांसही निमंत्रणे गेली आहेत; पत्रे मुलांनी स्वहस्ते लिहिली आहेत.

पालकबंधुभगिनींनो, आमची विनंती इतकीच. त्या आठवड्यात मूल घरी आले म्हणजे "मजा आली का?" असे अवश्य विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. "आज कोणास काय विचारलेस?" असेही विचारा. आणि शुक्रवारी, एक दिवसाची मजुरी बुडणार नसेल तर, दुपारी दोन वाजता शाळेत या. ज्यांस येणे शक्य नाही त्यांच्याकरिता मुले तीच हकिकत रविवारी घरी सांगतील; ती पूर्ण ऐकून घ्या, म्हणजे आमच्या श्रमांचे चीज झाले असे आम्ही समजू.