औषधाची आठवण कोणी करून द्यायची?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली असते, संसार बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर चढलेला असतो आणि पुढील पाच-सहा महिने सातारा, सांगली, कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातील फडांवर काढावयाचे असतात. या प्रवाशांत एच.आय.व्ही.ची बाधा झालेला एखादा गडी किंवा बाई असली, तर बोचक्यात गोळ्यांची बाटलीही असते. ती बाटली कोपीत कोठे ठेवावयाची आणि कोणाच्या नजरेआड उघडावयाची, हा त्या माणसाचा रोजचा प्रश्न असतो. अशा रुग्णांच्या मोबाईलवर औषधाच्या वेळी एक संदेश धाडला की काम भागले, असे यंत्रावर श्रद्धा असणाऱ्यांना वाटते. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजुतींवर सरकारी योजना फार लवकर उभ्या राहतात.

नियमितपणाचे महत्त्व निर्विवाद आहे. भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी या रोगावरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. त्या काळी दिवसातून दोन वेळा औषधे घ्यावी लागत आणि त्यांचे दुष्परिणामही पुष्कळ होते. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसातून एकच गोळी पुरते. परंतु ती रोज, आणि आयुष्यभर घ्यावी लागते. ती नियमित घेतली तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी होते आणि मग शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. खंड पडत गेला तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो, आणि औषधाला न जुमानण्याची शक्ती त्याला येऊ शकते. तसे झाल्यास त्या रुग्णासाठी उपलब्ध असलेली औषधे कमी होत जातात.

मोबाईलच्या उपयुक्ततेचा सर्वांत नामांकित पुरावा केनियातील आहे. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५३८ रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांना दवाखान्याकडून आठवड्यातून एकदा ‘मांबो?’ एवढाच संदेश जाई. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘कसे काय?’ असा आहे. त्यात ना रोगाचे नाव होते, ना औषधाचे. रुग्णाने दोन दिवसांत ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवावयाचे, आणि अडचण कळविणाऱ्याला किंवा मुळीच उत्तर न देणाऱ्याला दवाखान्यातून फोन जावयाचा. वर्षाअखेर औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के आढळले. विषाणू आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ व ४८ टक्के होते. केनियातच झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोगही बोलका आहे. त्यात साप्ताहिक संदेशांचा लाभ दिसला, रोजच्या संदेशांचा मात्र दिसला नाही, आणि संदेशाला उत्तेजनपर शब्दांची जोड दिल्यानेही काही साधले नाही. रोज वाजणारी घंटा कानाला ऐकू येईनाशी होते, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक असते.

आपल्या देशातील अनुभव अधिक सावध करणारा आहे. दक्षिण भारतातील तीन केंद्रांवर ६३१ रुग्णांवर असाच प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला यंत्राच्या आवाजातला फोन येई आणि मागाहून चित्राचा एक संदेश. सुमारे दोन वर्षे पाहणी चालली. फोन येणारे आणि न येणारे यांच्यात फरक पडला नाही. समुपदेशन दोन्ही गटांना मिळतच होते, त्यावर यंत्राच्या बोलण्याने काही भर घातली नाही. क्षय आणि एच.आय.व्ही. असे दुहेरी ओझे वाहणाऱ्या रुग्णांसाठी गोळीखाली छापलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची पद्धत आपल्याकडे गेल्या दशकात सुरू झाली. मुंबई, चेन्नई व वेल्लोर येथे त्या पद्धतीचा पडताळा घेतला गेला, तेव्हा फोन आला म्हणजे गोळी पोटात गेली असे खात्रीने म्हणता येत नाही, असेच आढळले.

या प्रयोगांवरून मोबाईल निरुपयोगी ठरवणे उतावळेपणाचे होईल. केनियातील दवाखान्याने औषधाची आठवण दिलीच नव्हती, त्याने माणसाची विचारपूस केली होती आणि उत्तर आले नाही तर फोन उचलला होता. गोळी चुकते ती केवळ विसराळूपणाने नव्हे. कोपीत शेजारी झोपलेल्यांना कळू नये म्हणून चुकते, प्रवासात साठा संपला म्हणून चुकते, उपाशीपोटी सोसत नाही म्हणून चुकते. यांतल्या कोणत्याही कारणावर ‘गोळी घ्या’ हा उपाय नव्हे.

उलट त्यातून अपाय होऊ शकतो. अनेक घरांत फोन एकच असतो. तो कधी नवऱ्याच्या खिशात, कधी मुलाच्या हातात, कधी सासूच्या उशाशी असतो. त्यावर रोज ठरावीक वेळी औषधाचा संदेश झळकू लागला तर जे दहा वर्षे झाकून ठेवले ते एका संध्याकाळी उघडे पडेल. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. संदेश पाठविणाऱ्या यंत्रणेलाही ही मनाई लागू आहे, हे योजना आखणाऱ्यांनी आधीच ध्यानात घेतले पाहिजे.

विचारपूस करणारे माणूस कोठून आणावयाचे, असा प्रश्न या जिल्ह्यात तरी विचारला जाऊ नये. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले तेव्हा त्यांनी अक्षरओळख नसलेल्या खेड्यातील बायांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि त्या कार्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. नगर शहरात गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘स्नेहालय’ ही संस्था वेश्याव्यवसायातील स्त्रिया, त्यांची मुले आणि एच.आय.व्ही.बाधित बालके यांच्यासाठी काम करीत आली आहे. ज्याला समाजाने दाराबाहेर ठेवले त्याच्या दाराशी जाण्याची रीत येथे नवी नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, परंतु अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंतचे त्याचे आकारमान तेच राहिले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात समुपदेशकाने प्रत्येकाकडे जाणे शक्य नाही, हे मान्यच केले पाहिजे. यंत्राचे खरे काम येथेच आहे. ज्यांनी ‘ठीक’ म्हणून कळविले त्यांना बाजूला काढावे आणि ज्यांच्याकडून उत्तर आले नाही अशांची यादी समुपदेशकाच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे त्याचा वेळ जेथे लागावयाचा तेथे लागेल. लिहिता न येणाऱ्याने उत्तरादाखल मिस्ड कॉल द्यावा. संदेशाचे शब्द, वार आणि वेळ रुग्णानेच ठरवावी, आणि नको म्हणणाऱ्याला संदेश जाऊ नये.

मात्र ती यादी टेबलावर आल्यावर तेथे समुपदेशकच नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ आहे. संदेशाची यंत्रणा बसविणे सोपे असते, तिचे उद्घाटनही करता येते. समुपदेशकाचे पद भरण्याचे उद्घाटन होत नाही, आणि कंत्राटी नोकरीवर वर्षानुवर्षे ठेवलेला कर्मचारी कोणत्याही छायाचित्रात येत नाही. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला यासाठी पैसा मिळाला तर त्यातील पहिला रुपया या पदावर खर्च व्हावा.

टोळ्यांच्या बाबतीत तर कामाचा आरंभ संदेशापूर्वीच करावा लागेल. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. दसऱ्यापूर्वीच्या भेटीत समुपदेशकाने रुग्णाला चार गोष्टी विचाराव्यात. कोणत्या कारखान्याकडे जाणार, तेथून जवळचे उपचार केंद्र कोणते, फोन कोणाजवळ असेल, आणि रिचार्ज संपून तो बंद पडला तर निरोप कोणामार्फत द्यावयाचा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना ताबडतोब देता येणार नाही. ते मिळेपर्यंत भेट संपली असे समजू नये.