नियम ताटाचा, माणसांचा नव्हे



आपला समाज जिथे गेला तिथे दुकान, मंदिर आणि पाठशाळा घेऊन गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांशी आपलं नातं कसं होतं, हे कुणी विचारत नाही. आज ते विचारू या. त्यासाठी पूर्व आफ्रिकेचं उदाहरण घेते.

१८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. जवळपास अडीच हजार तिथेच मेले. रुळांच्या मागोमाग गुजरात-कच्छचे दुकानदार पोचले. जामनगरकडच्या हालार भागातले आपले ओसवाल जैनही त्यांत होते. ज्या आडगावात काहीच मिळत नव्हतं, तिथे त्यांनी मीठ, कापड, रॉकेल नेलं. ते कष्ट खोटे नाहीत.

मात्र राज्यकर्त्यांनी तिथे एक उतरंड रचली होती. वर गोरे, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी. शाळा, दवाखाने, वस्त्या, सगळं वेगळं. केनियातली उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव, म्हणून आपल्या लोकांच्या वाट्याला मुख्यतः व्यापार आला. परिणाम असा की, आफ्रिकी माणसाला आपला माणूस भेटायचा तो गल्ल्यामागे बसलेला मालक म्हणून, आणि आपल्या बायकांना आफ्रिकी माणूस भेटायचा तो घरकामाला आलेला नोकर म्हणून. शेजारी म्हणून भेट क्वचितच. उतरंड इंग्रजांनी रचली, पण ती घरात सांभाळली आपणच.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. पन्नास हजारांहून अधिक माणसं दुकानं, घरं टाकून निघाली. अमीन क्रूरच होता. त्याने स्वतःच्या देशबांधवांचीही प्रचंड कत्तल केली. हकालपट्टीचं समर्थन होऊच शकत नाही. तरी त्या हुकमाला तेव्हा अनेक स्थानिकांनी पाठिंबा दिला, हेही खरं आहे. इतकी वर्षं शेजारी असूनही ओळख झाली नव्हती, म्हणून द्वेष पेरणं सोपं गेलं.

वेगळं वागणारेही होते. नैरोबीत जन्मलेले गोवेकर पियो गामा पिंटो आफ्रिकी लोकांच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले. पंजाबी कामगार नेते माखन सिंग यांनाही अनेक वर्षं स्थानबद्ध ठेवलं होतं. २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. असा मान पैशाने मिळत नाही.

युगांडातून निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ब्रिटनला गेले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. म्हणजे दार बंद होताना कसं वाटतं, हे आपल्या माणसांनी अनुभवलं आहे. पुढे त्याच लेस्टरमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत आपलं सुंदर जिनालय उभं राहिलं. कुणीतरी जागा दिली, म्हणून ते होऊ शकलं.

आता मुंबईकडे या. आपल्यातल्या कितीजणींची घराणी इथे कच्छ, मारवाड, गुजरातहून आली? आणि आज आपल्याच सोसायट्यांमध्ये 'मांसाहारी नको' म्हणून मराठी कुटुंबाला, मुसलमान कुटुंबाला घर नाकारलं जातं. ज्यांच्या गावात येऊन आपण मोठे झालो, त्यांनाच पत्ता बदलायला सांगायचं?

कुणी म्हणेल, मग आहाराचा नियम सोडायचा का? मुळीच नाही. कंदमूळ नको, रात्रीभोजन नको, माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल ते मीच ठरवीन. पण व्रत मी घेतलं आहे, शेजारणीने नाही. ते तिच्या चुलीवर लादायचा अधिकार मला नाही. अहिंसा जिभेपुरती पाळली आणि घर शोधत फिरणाऱ्या बाईचा अपमान केला, तर ती अहिंसा अर्धीच राहते. अनेकांतवाद आपण पाठशाळेत शिकवतो. समोरच्याच्या दारातून आपण कसे दिसतो हे पाहणं, हाच त्याचा रोजचा उपयोग.

सोसायटीच्या बैठकांना आपल्या घरचे पुरुष जातात, पण तिथे बोलायचं काय ते बऱ्याचदा आपल्या ओट्याजवळ ठरतं. पुढच्या वेळी नव्या भाडेकरूचा विषय निघाला, की आडनाव आणि आहार विचारू नका, एवढं त्यांना सांगून पाठवा. आणि संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना एक फेरी अशा घरीही होऊ द्या, जिथे आपण आजवर कधी गेलो नाही.