पोरांच्या पायांना ठेका हवा



मागे एका वस्तीतल्या विहारात मुलांची वजनं-उंची घ्यायला बसले होते. पाच वर्षांच्या एका पोरीला म्हटलं, "बाळा, एका पायावर उभी राहून दाखव." तिने लगेच भिंत धरली. मागच्या दोघांचंही तेच. या वयाचं मूल निदान काही सेकंद तरी एका पायावर सहज उभं राहतं. ही पोरं आजारी नव्हती. घर दहा बाय दहाचं, दारात गाड्या, हातात मोबाईल. पाय हलणार कुठे?

"यांना लेझीम-फुगडी शिकवूया," मी म्हटलं. शेजारी बसलेल्या आजी एकदम म्हणाल्या, "नर्सबाई, नाचणं आपण सोडलंय. पोरांना नाचवू नका, शिकवा."

आजींचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या माणसांना गावकीत हलगी वाजवावी लागली, कुणाच्या लेकीला मुरळी म्हणून सोडलं, कुणी पोटासाठी फडावर नाचलं. ते नाचणं दुसऱ्याच्या हुकमाचं होतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हलक्या लेखल्या जाणाऱ्या चालीरीती टाकायला सांगितलं, ते आपण पाळलं, म्हणून आज ताठ उभे आहोत. पण हुकमाचं नाचणं सोडणं वेगळं आणि पोराच्या अंगातला ठेका दाबणं वेगळं. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचाच बाज उचलला आणि त्यातून बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेला. प्रश्न नाचण्याचा नाही. कोण नाचवतं आणि कशासाठी, हा आहे.

आता आरोग्याचं. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास दम लागेल अशी, आणि स्क्रीन एका तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. पाच वर्षांपुढे रोज सरासरी एक तास दमवणारा खेळ हवा. मैदान नसलेल्या वस्तीत हे कसं जमवायचं? ठेक्याला मैदान लागत नाही. विहाराची फरशी पुरते.

सुरुवात लेझीमशिवाय करा. लोखंडी लेझीम लहान हातांना जड होते. एकाने ढोलकी किंवा डबा वाजवावा. मुलांनी आधी ठेक्यावर नुसतं चालावं, मग टाळी, मग एक पाऊल पुढे, एक मागे, मग खाली बसून उठावं. मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजायला लावा. ऐकणं, मोजणं, शेजाऱ्याबरोबर पाऊल टाकणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे शिक्षणच आहे, आजी. हात बसले की सहा-सात वर्षांच्या मुलांना हलकी लेझीम द्या.

फुगडी दोघं सारख्या उंचीची असतील तरच, आणि सावकाश. मोठ्यांनी लहानग्याला हाताला धरून गरगर फिरवू नये. पाच वर्षांखालच्या मुलाचा कोपर अशा झटक्याने सांध्यातून सरकतो. मूल हात लटकता ठेवून रडू लागलं तर चोळू नका, ओढू नका, दवाखान्यात न्या.

ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याचा हात ढोलकीवर ठेवा, ठेका त्याला कळतो. जे चालू शकत नाही ते बसून टाळी देईल. कुणालाही भिंतीकडेला बसवून ठेवू नका.

नाचताना मुलांकडे लक्षही द्या. बाकीची नाचत असताना एकच पोर लवकर धापा टाकतं, फिकट दिसतं, ओठ निळसर होतात किंवा सारखं अडखळून पडतं, तर "आळशी आहे" म्हणू नका. रक्त कमी असेल, छातीचा किंवा हृदयाचा त्रास असेल. डॉक्टरला दाखवा. घरात बसलेल्या पोराचं हे दुखणं कुणाला दिसत नाही.

आणखी एक. जयंतीला आपण पोरांना डीजेच्या भिंतीसमोर नाचवतो. आवाजाचा नियम निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलचा आहे, आणि त्या भिंतीपुढे तो कितीतरी पटींनी जास्त असतो. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मंचावर पाच वर्षांच्या मुलीला बाईसारखं नटवून सिनेमाच्या गाण्यावर कंबर हलवायला लावणं, हेही परत दुसऱ्यासाठी नाचवणंच झालं.

विहार समित्यांना माझी विनंती एवढीच: दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांना द्या. एक ढोलकी, दोन-चार भीमगीतं आणि शिकवायला वस्तीतलीच एखादी ताई किंवा आजोबा. मुलगे आणि मुली एकाच रांगेत. येत्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे डीजे नको, आपल्या पोरांची लेझीम असू द्या.