त्रास दिला नाही, एवढ्याने भागत नाही

नव्या विद्यार्थ्याला कोणी छळले नाही, म्हणजे आपले काम झाले, असे आपण समजतो. मला हे पटत नाही. छळ थांबणे ही पहिली पायरी आहे. नवा मुलगा रुळायला त्यापुढे आणखी काही लागते आणि ते सीनिअरच देऊ शकतो.

छळ थांबवण्यासाठी कायदे झाले आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या अमन काचरूचा सीनिअरांनी केलेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कडक नियम काढले. तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइनही आहे. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण त्याच नियमांत असेही लिहिले आहे, की कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचे याचे छापील पत्रक प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला द्यावे आणि नव्यांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवावा. म्हणजे नुसती शिक्षा पुरत नाही, सोबतही लागते, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते.

आपल्या जयपुरात दरवर्षी बाहेरगावची किती तरी मुले शिकायला येतात. येथील मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या एनआयटीत निम्म्या जागा इतर राज्यांतल्या मुलांसाठी असतात. माझा मावसभाऊ शहरातल्या दुसऱ्या एका महाविद्यालयात सांगलीहून आला. भेटीच्या रविवारी तो मला भेटायला यायचा. "दादा, रॅगिंग होतं का रे?" असे मी विचारले. तो म्हणाला, "नाही रे. तीन आठवडे झाले, कोणी काही विचारलंच नाही." प्रयोगाची वही कोणत्या दुकानात मिळते, मेस बुडवली तर पैसे कापतात का, कपडे कोठे द्यायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हिंदीत विचारायचा त्याला संकोच वाटायचा. बारावीपर्यंत आईने हाक मारून उठवलेला मुलगा. इथे त्याला उठवणारे कोणी नव्हते, म्हणून सकाळचे तास बुडू लागले. त्याला कोणी छळले नव्हते, तरी तो घरी परत जायचा विचार करत होता.

ही परिस्थिती आपल्याला नवी नाही. आपण हे सारे सहावीतच पाहिले आहे. नवा कॅडेट पहिल्या दिवशी रडतो असे पालकांना वाटते. खरे तर पहिले काही दिवस युनिफॉर्म, बूट, ट्रंक यांच्या गडबडीत निघून जातात. अवघड जाते ते नंतर, एखाद्या रविवारी, घरचा फोन ठेवल्यावर. त्या वेळी त्याच्या मनात मोठे प्रश्न नसतात. कुलपाची किल्ली हरवलेली असते, बकलला चमक येत नसते, फॉलिनला उशीर होतो म्हणून पोटात गोळा आलेला असतो. हाउस मास्टरांकडे एवढ्याशा गोष्टीसाठी जायला तो घाबरतो. आदल्याच वर्षी ज्याने हे सगळे सोसले, त्याला मात्र तो विचारू शकतो.

यावर काही जण म्हणतील, की ही सैनिकी शाळा आहे, मुलगा त्रासातूनच घडतो. कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावतात तेव्हा ते सर्वांसमोर असते, त्याला कारण असते आणि मर्यादाही असते. दिवे गेल्यावर सीनिअरने ज्युनिअरला उभे करण्याला यातले काहीच नसते. त्यातून शिस्त येत नाही, भीती येते. आणि "आम्हीही सोसले" हे काही कारण होऊ शकत नाही.

दुसरे काही म्हणतील, की मदत केली तर मुले परावलंबी होतील. म्हणून मदतीची पद्धत ठरवावी. माझी सूचना अशी आहे: सहावीत येणाऱ्या प्रत्येक कॅडेटला पहिले चाळीस दिवस सातवीतला एक कॅडेट नेमून द्यावा. त्याने चादरीची घडी कशी घालायची ते दाखवावे, घालून देऊ नये. रोज एकदा विचारपूस करावी. काही गंभीर दिसले तर ते लपवू नये, हाउस मास्टरांना सांगावे. चाळीस दिवसांनी नेमणूक संपावी. सातवीतल्या मुलालाही यातून नेतृत्वाचा पहिला धडा मिळेल.

बारावीनंतर आपल्यातले काही खडकवासल्याला जातील, बरेच जण साध्या महाविद्यालयांत जातील. तिथे घंटा नसेल, फॉलिन नसेल. पहिल्या वर्षी आपणही चाचपडू. दुसऱ्या वर्षी मात्र नव्यांपैकी एकाला तरी आपण हाताशी धरावे. ती सवय इथेच लागली पाहिजे.

पालकांना एक विनंती. फोनवर "रडलास का?" असे विचारू नका. "आज कोणाबरोबर जेवलास?" असे विचारा. मुलाने एखादे नाव सांगितले, तर निश्चिंत राहा. नाव सांगता आले नाही, तर हाउस मास्टरांना फोन करा.