समोरच्या काचेवरील धुरकटपणा

नागपुरातील वसुली उरकून रात्री भंडाऱ्याकडे परतताना समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे काचेवर पसरतात आणि क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. काच बाहेरून कितीही धुवा, हा थर बहुधा आतून असतो. वैशाखातील उन्हाने डॅशबोर्डचे प्लास्टिक तापते, त्यातून निघणारी वाफ काचेवर तेलकट होऊन बसते. नुसत्या ओल्या फडक्याने ती केवळ पसरते. गाडी सावलीत निवू द्यावी. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन फडक्यावर शिंपडावे, काचेवर नव्हे. पुसताच दुसऱ्या, कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने काच कोरडी करावी. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मात्र नको. ती हौस दुकानाच्या काउंटरवर भागवावी! अंधार पडल्यावर बाहेरून कोणास विजेरी धरावयास सांगून आतून पाहावे. राहिलेले पट्टे तेव्हाच दिसतात.