प्रयोगशाळा, कंपनी आणि मधली निविदा

पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ-आवारात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था स्थापन झाली. पुढे याच संस्थेतील डॉ. अजित केंभावी प्रभृती खगोलशास्त्रज्ञ आणि याच शहरातील पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ या नावाचा जो उपक्रम चालवला, त्याचे स्मरण आज आपल्या विद्यापीठांच्या कारभाऱ्यांना मुद्दाम करून द्यावेसे वाटते. कारण सहकार्याच्या करारांवर सह्या करण्याचे समारंभ अलीकडे वाढले असले, तरी त्या सह्यांनंतर दोन्ही पक्षांनी एका टेबलाशी बसून काय करावयाचे असते, याचा विसर बहुतेकांना पडलेला दिसतो.

उपक्रम वरवर पाहता साधा होता. जगभरच्या दुर्बिणी आणि उपग्रह आकाशाच्या ज्या नोंदी करतात, त्या देशोदेशींच्या भांडारांत निरनिराळ्या रीतींनी साठवलेल्या; त्यांचा परस्परांशी मेळ बसावा म्हणून २००२ साली ‘व्हीओटेबल’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय नमुना ठरला आणि त्यात प्रत्येक रकान्याने आपले नाव, आपले एकक व आपला अर्थ स्वतःच सांगावा, अशी तजवीज करण्यात आली. पुण्याच्या मंडळींनी जुन्या सारण्या या नव्या रूपात आणणारे एक साधन आणि त्यांवरून आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ हे दुसरे साधन तयार केले. आणि या दुसऱ्याला फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या नामांकित खगोलीय माहिती-केंद्रातही स्थान मिळाले.

आलेख काढण्यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. ताऱ्याचे तेज ज्या ‘प्रती’त मोजतात, तिचा प्रकार असा की अंक जितका लहान तितका तारा अधिक तेजस्वी, म्हणून खगोलशास्त्रज्ञाला आलेखाचा उभा अक्ष उलटा हवा असतो, आणि ही गोष्ट तो कोणाला सांगत नाही, कारण ती सांगावी लागते हेच मुळी त्याच्या ध्यानात येत नाही. सारणीत एखाद्या ताऱ्यापुढे ९९ हा आकडा आढळला, तर ती पुष्कळदा त्या ताऱ्याची प्रत नसतेच. अमुक फिल्टरमधून तारा दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या संशोधक-विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. निष्णात संगणकतज्ज्ञ मात्र त्या ९९ सकट सरासरी काढून मोकळा होतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. असले ज्ञान कोणत्याही मागणीपत्रात उतरत नाही. ते शेजारी बसल्याने, चुकीचा आलेख पाहून शास्त्रज्ञाने कपाळाला आठ्या घातल्याने आणि ‘अहो, हे असे नसते’ म्हणून पेन्सिल हाती घेतल्यानेच संक्रमित होते.

आमच्या खरेदीच्या पद्धतीला नेमके हेच नामंजूर आहे. सार्वजनिक विद्यापीठात सॉफ्टवेअर घ्यावयाचे म्हटले की आधी सर्व वैशिष्ट्यांची यादी, मग निविदा, मग तुलनात्मक तक्ता, मग सर्वांत कमी दराला पुरवठा-आदेश आणि अखेरीस कामपूर्तीचा दाखला, असा रिवाज. जणू लोखंडी कपाटाप्रमाणे ते आले, डेडस्टॉक रजिस्टरात चढले की प्रकरण दफ्तरी दाखल. लेखापालांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. सरकारी पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. तथापि ज्या वस्तूचे पहिले कच्चे रूप पाहिल्याखेरीज आपल्याला काय हवे हे घेणाऱ्यालाच उमगत नाही, तिची यादी आगाऊ मागणे म्हणजे चोखपणा नव्हे. अशा कामाला वस्तूचा दर न लावता मुदतीचा मेहनताना ठरवावा, दर पंधरवड्याला जे तयार झाले असेल ते प्रयोगशाळेने वापरून पाहावे, आणि पुढची दिशा त्यावरून ठरावी.

शेजारी न बसल्याचे परिणाम काय होतात, हे जीवशास्त्राच्या प्रांतात जगाने पाहिले आहे. हिशेबनिसांसाठी घडवलेल्या एक्सेलमध्ये शास्त्रज्ञ जनुकांच्या याद्या ठेवू लागले, आणि ‘सेप्ट-२’ वा ‘मार्च-१’ अशा संक्षिप्त नावांची जनुके त्या प्रणालीने परभारे २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकली. हा घोटाळा २००४ सालीच निदर्शनास आला होता. तरीही २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुक-याद्या जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे पंचमांशांत तो सापडला. अखेर २०२० साली नामकरण-समितीने नमते घेऊन जनुकांचीच नावे बदलली! प्रणाली शास्त्रासाठी असते की शास्त्र प्रणालीसाठी, हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच निकालात निघाला असेल.

याहून मोठे दुखणे देखभालीचे. अनुदानाची तीन वर्षे संपतात, मुले नोकरीला लागतात आणि साधन पोरके होते. एके काळी ब्राउझरमध्येच चालावीत म्हणून जावा ॲपलेटच्या रूपात लिहिलेली वैज्ञानिक साधने, क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये दार लावून घेताच, एकाही ओळीत चूक नसताना निकामी झाली. पेशवे दफ्तरातले रुमाल सुरक्षित असूनही मोडी वाचणारा मिळेना की इतिहास-संशोधकाची जी गत होते, ती इथे शंभर-दीडशे वर्षांनी न होता दहा वर्षांतच होते. उलट खगोलशास्त्रज्ञांचा ‘फिट्स’ हा नमुना पाहा: १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संकेतात फाइलीचे मथळे छिद्रित कार्डांच्या काळातल्या ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळींत आजही लिहिले जातात, आणि एकदा ग्राह्य ठरलेली फाइल पुढे कधीही अग्राह्य ठरू नये, हा दंडक त्याचे राखणदार कटाक्षाने पाळतात. हे आपोआप झालेले नाही. त्यासाठी माणसे नेमलेली असतात. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास अशा माणसांना ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव मिळाले आणि पुढे विद्यापीठांत त्यांची स्वतंत्र पथके उभी राहिली. आपल्याकडे प्रयोगशाळा-सहायकाचे पद मंजूर असते, काचेची नळी फुटली तर तिची भरपाई होते. पण संशोधनाचा अर्धा भार वाहणाऱ्या प्रणालीची काळजी घेणाऱ्या माणसाला आकृतिबंधात जागाच नाही.

कंपन्यांना यात नफा काय, असा आक्षेप येईल. तात्काळ फारसा नाही, हे मान्यच करावे. पण अवजड माहितीशी झुंजलेले तरुण, खुल्या आज्ञावलीवर जगभरातून होणारी परीक्षा आणि शोधनिबंधावर कर्त्याच्या नावाचा निःसंदिग्ध उल्लेख, या गोष्टींची किंमत जाणणारे उद्योजक महाराष्ट्रात अगदीच दुर्मीळ नाहीत.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली असून आयुका त्या प्रकल्पात सहभागी आहे. तिथली यंत्रणा कार्यान्वित होईल तेव्हा गुरुत्वीय लहरींच्या नोंदी अहोरात्र वाहू लागतील. ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हा जिल्हा येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, त्याआधीच, पदार्थविज्ञान विभागात संगणकतज्ज्ञांची दोन कायम पदे मागावीत आणि मराठवाड्यातल्या एखाद्या लहान कंपनीला त्या विभागात एक खोली द्यावी. प्रस्तावाला लागणारा कागद एका पानाहून मोठा नसेल; तो वित्त-समितीपुढे कोणत्या लेखाशीर्षाखाली न्यावा, एवढाच प्रश्न कुलसचिवांनी सोडवावयाचा आहे.