आधी चारी आखा, मग प्लॉट

नातेपुत्याहून माळशिरसमार्गे वेळापूरकडे जाणारा पालखी मार्ग चौपदरी झाला आणि दोन्ही बाजूंच्या वावरांनी धंदाच बदलला. काल जिथे खोडवा उभा होता तिथे आज फक्कीच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला रोवलेले दगड आणि तोंडाशी फ्लेक्सची कमान. आतला रस्ता मुरमाचा. गटार कागदावरही नाही. पाण्याचे काय, असे विचारले तर 'बोअर मारा' हे उत्तर तयार असते. तरी प्लॉट खपतात. तालुक्याच्या गावी आपली जागा असावी ही शिक्षकाची, कारखान्यातल्या कामगाराची, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या बापाची रास्त इच्छा आहे. त्या इच्छेला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो गाव कुठे आणि किती पसरावे याचा निर्णय जमिनीच्या दलालांवर सोपवून मोकळे झालेल्या व्यवस्थेचा.

घरे दाट बांधावीत की शहर आडवे पसरू द्यावे, चटईक्षेत्र वाढवावे की नाही, हा वाद पुण्या-मुंबईचा, असे आपल्याकडे समजले जाते. प्रत्यक्षात तो माळशिरस तालुक्यालाच अधिक लागू पडतो. मुंबईला पसरायला जागाच उरली नाही, म्हणून ती उंच झाली. आपल्याकडे जागा आहे. पण ती पडीक नाही. भाटघरचे धरण 1928 साली पुरे झाले, नीरा उजव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी टापूत खेळले, तेव्हा या मातीला मोल आले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये स्वतःचा साखर कारखाना काढला आणि माळीनगर उभे राहिले, ते याच पाण्याच्या भरवशावर. त्याच भिजत्या जमिनीवर आपण आता फरशी घालत आहोत, आणि पिलीवच्या बाजूचा माळ मात्र पाण्याची वाट पाहत तसाच आहे.

व्यवहार कसा होतो तेही पाहण्यासारखे आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. 2023 मध्ये हे प्रमाण बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे असे खाली आणले गेले. मग दहा गुंठ्यांचे एकच खरेदीखत होते आणि त्यावर दहा जणांची नावे लागतात. सातबारा सामाईक. माझा तुकडा कोणता हे ठरते ते रोवलेल्या दगडावरून आणि प्लॉटिंगवाल्याने दिलेल्या झेरॉक्स नकाशावरून. पुढे एकाला कर्ज हवे असते, दुसरा वारतो, तिसऱ्याचे भाऊ हिस्सा मागतात, आणि दहाही घरे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

सरकारचा यावरचा उपाय आजवर एकच राहिला आहे: तारीख पुढे ढकलणे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 साली आला, तेव्हा मर्यादा होती 1 जानेवारी 2001. दोन दशकांनी ती 31 डिसेंबर 2020 वर नेली. 2024 च्या ऑक्टोबरात तुकडे नियमित करण्याचे शुल्क 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले. 2025 च्या जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत, नागरी भागातले 1 जानेवारी 2025 पर्यंतचे एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार नियमित करण्याची घोषणा केली. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर बांधले त्याला यातून दिलासा मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण प्लॉट पाडणारा यातून वेगळाच अर्थ काढतो. आज पाडा, दहा वर्षांनी सरकार नियमित करतेच.

आता साधा हिशेब करू. हजार कुटुंबांना दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट दिले तर 2,000 गुंठे, म्हणजे नुसत्या घरांखाली 50 एकर जातात. प्लॉटिंगमधली निम्मी जागा गुंतवणूक म्हणून घेऊन वेड्या बाभळीच्या हवाली केलेली असेल, तर त्याच हजार घरांसाठी 100 एकर मोडावे लागतात. एकरी 40 टन ऊस धरला तरी दर हंगामाला 4,000 टन गेला. तीच घरे एकेका गुंठ्यात, भिंतीला भिंत लावून दुमजली बांधली तर 25 एकरांत मावतात. रस्ते दोन्हीकडे लागणारच. पण विरळ वस्तीत जलवाहिनी लांबते, दिव्याचे खांब वाढतात, घंटागाडीचे डिझेल वाढते, आणि हा खर्च भरायला घरे मात्र तेवढीच. माळशिरस, नातेपुते या नगरपंचायती. 2021 पर्यंत ग्रामपंचायत असलेल्या अकलूजची आता नगरपरिषद. यांपैकी कुणाच्याही तिजोरीला हा पसारा पेलणारा नाही.

दाटी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लिफ्ट बंद पडलेली सात मजली इमारत येते. ती भीती खोटी नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, ज्याला अंगणात मांडव घालून मुलीचे लग्न करायचे आहे, त्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट नको असतो. पण आपल्या गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या घराला घर लागूनच होते आणि तिथे कुणी गुदमरले नाही. आज त्याच गावठाणात जुने वाडे कुलूपबंद पडले आहेत. मालमत्ता पत्रकावर वारसांची रांग, निम्मे पुण्यात, एकाची सही मिळाली तर दुसरा फोन उचलत नाही. शाळा, बाजार, एसटी स्टँड सगळे पायी अंतरावर असलेली ही जागा ओस आणि दोन कोस लांब उसात नवी वसाहत! वारसांची तडजोड घडवायला महसूल खात्याने गावठाणातच शिबिरे लावावीत, अरुंद बोळांसाठी बांधकामाचे नियम झेपतील असे करावेत. आणि नगरपंचायतींनी मोकळ्या ठेवलेल्या प्लॉटवर कर बसवण्याची हिंमत दाखवावी. मते जातील ही भीती आहे, पण बाहेरगावच्या गुंतवणूकदाराचे मत इथे नसते, हेही लक्षात घ्यावे.

गाव वाढणारच, तेव्हा नव्या जमिनीही लागतील. त्या घेण्याची रीत आपल्या राज्याला नवी नाही. नगररचना योजनेचा कायदा मुंबई इलाख्यात 1915 पासून आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, शाळा, मैदान काढायचे आणि उरलेला आखीव भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर एकत्र ठेवून स्वतःच नगर वसवले. माळशिरसचे मगरपट्टा होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण मालकाने दलालाला एकर विकून बाजूला व्हावे, की आपल्याच भूखंडाचे वाढते मोल स्वतः घ्यावे, हा प्रश्न सहकारात मुरलेल्या तालुक्याला पडायला हवा होता.

पसरण्याचा एक फटका आषाढात दिसतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर येथे माउलींचा मुक्काम असतो, तुकोबांचा अकलूजला. पालखीतळाभोवतीच्या वावरांत दिंड्या तंबू ठोकतात. त्या वावरांना तारेची कुंपणे पडू लागली, तर राहुट्या डांबरावर ठोकायच्या का?

त्याहून मोठा फटका बारमाही आहे आणि तो सोसणारा प्लॉटपासून मैलभर लांब असतो. कालव्याचे पाणी शेजपाळीने पोटचारीतून एका वावरातून दुसऱ्यात जाते. वरच्याने जमीन प्लॉटला दिली की चारी बुजते. कुणी तिच्यावर कंपाउंड घालतो, कुणी तिच्यात सांडपाणी सोडतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाळी येते, पाणी येत नाही. त्याने जमीन विकलेली नाही, पैसा घेतलेला नाही, तरी त्याचे वावर जिरायत होते. मग थकून तोही प्लॉटिंगवाल्याला फोन लावतो. एक वसाहत शेजारची पाच वावरे अशीच ओढून नेते.

म्हणून मागणी नेमकी आहे. तुकडे नियमित करण्याआधी जलसंपदा आणि भूमी अभिलेख खात्याने तालुक्यातल्या सगळ्या चाऱ्या, पोटचाऱ्या आणि ओढे एकत्र मोजून नकाशावर आणावेत. गावठाणे ड्रोनने मोजता येतात, तर चाऱ्याही येतील. ज्या प्लॉटखाली चारी गाडली आहे, तो चारी उघडून दिल्याशिवाय नियमित होऊ नये. आणि नव्या प्रत्येक सातबाऱ्यावर नावाबरोबर समोरच्या रस्त्याची रुंदी लिहिली जावी, म्हणजे घेणाऱ्याला आपण काय घेतले ते सही करण्याआधी कळेल.